सप्ताहाची वही, रेशनची वही : देवळात जमणाऱ्या माणसांनी गावाचा प्रश्न हाती कसा घ्यावा

आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताहाची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, कडा तेलकट झालेली. वीणेचा पहारा कोणाचा किती ते किती, पंगत कोणत्या दिवशी कोणाची, वर्गणी किती ठरली, किती आली, बाकी कोणाकडे, कीर्तनकार महाराजांना आणायला गाडी कोणाची, काल्याचं दही कोणाकडून, असं सगळं तिच्यात सापडतं. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. रात्री अडीचचा पहारा ज्याचा, तो अडीचला डोळे चोळत येतोच. त्याला उशीर झाला तर आधीचा वीणा गळ्यात घेऊन तसाच उभा राहतो.

हेच गाव दर महिन्याला रेशनच्या दुकानातून दोन-दोन किलो कमी धान्य घेऊन मुकाट घरी जायचं. तक्रार नाही, पावती नाही. ‘चालायचंच’ म्हणून पिशवी खांद्यावर.

सप्ताहाच्या वहीपासून रेशनच्या वहीपर्यंत कसं यायचं, ते इथे लिहितो. उदाहरण रेशनचं घेतलंय, कारण ते आम्ही केलंय. तुमच्याकडे पाण्याचा टँकर असेल, रोजगार हमीची मजुरी असेल, वस्तीतली गटारं असतील. भजनी मंडळाऐवजी बुद्धविहार असेल, मशिदीची जमात असेल, चर्चची पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती, असेल. रीत साधारण हीच.

आधी आले नाहीत त्यांची यादी करा

पंढरपूरला महाद्वाराशी नामदेव पायरी आहे आणि तिथेच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, चोखोबा तिच्याखाली गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, असं परंपरा सांगते. म्हणजे हा संत मजुरी करता करता गेला. ज्या देवळाच्या दारात समाधी झाली, त्याच्या आत त्यांच्या माणसांना पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावं लागलं.

हे सांगायचं कारण असं की श्रद्धेच्या आधारावर माणसं बांधताना पहिली चूक हमखास हीच होते. जे जमले तेच गाव, असं आपण धरून चालतो. भजनाला ऐंशी माणसं बसलेली दिसली की छाती भरून येते. त्या ऐंशींत कोण नाही, हे कोणी मोजत नाही.

मतदारयादी घ्या आणि मंडळातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन एका संध्याकाळी बसा. देवळात नियमाने येणाऱ्या घरांवर खूण करा. मग बिनखुणेची घरं वस्तीवार लिहा. आमच्याकडे ही यादी पाहून मंडळाचे अध्यक्ष बराच वेळ गप्प बसले. बौद्धवाडा नव्हता, मुसलमानांची अकरा घरं नव्हती, पारध्यांची तीन नव्हती, आणि ऊसतोडीला जाणारी घरं तर दसऱ्यापासून चैत्रापर्यंत गावातच नसायची. रेशनवर ज्यांचं घर खरोखर चालतं, ती बहुतेक घरं या बिनखुणेच्या यादीत होती.

आता या प्रत्येक वस्तीत एक तरी माणूस असा शोधा ज्याचं म्हणणं तिथे ऐकलं जातं. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन कोण करतं, जुम्म्याच्या नमाजानंतर लोक कोणाभोवती थांबतात, बचत गटाची वही कोणाकडे आहे. त्यांना देवळात बोलावू नका. तुम्ही जा. त्यांच्या ओट्यावर बसा, त्यांच्या घरचा चहा प्या. हे वाक्य लिहावं लागतं याचीच लाज वाटते, पण ज्या मंडळींनी ते केलं नाही त्यांची संघटना तिसऱ्या बैठकीला फुटलेली मी पाहिली आहे.

एकत्र बैठक शाळेच्या पडवीत किंवा पारावर घ्या. सुरुवातीला प्रार्थना करायची की नाही, यावरून वाद होईल. आमच्याकडे ठरलं की दोन मिनिटं शांत उभं राहायचं, ज्याने त्याने मनात काय म्हणायचं ते म्हणावं. ‘ही काय शोकसभा आहे का’ म्हणून एका आजोबांनी कुरकूर केली. ती ते अजून करतात, पण बैठकीला येतात.

पंधरा दिवस नुसतं ऐकायचं

कार्यकर्त्याला घाई असते. प्रश्न काय आहे ते त्याला आधीच ठाऊक असतं आणि आता फक्त सह्या हव्या असतात. इथे थांबा.

सहा-सात जोड्या करा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि वेगवेगळ्या वस्तीतले. प्रत्येक जोडीला दहा घरं. प्रत्येक घरी अर्धा-पाऊण तास. हातात फॉर्म नको, मोबाईल खिशात. फॉर्म दिसला की माणूस सरकारी उत्तरं देतो: नाव, वय, अडचण नाही. विचारायचं ते असं:

– मागच्या वर्षात पैसा सगळ्यात जास्त कशात गेला, आणि कशात फुकट गेला?
– कोणत्या कचेरीत किती चकरा मारल्या?
– असं आणखी कोणाचं झालंय?
– याच्यासाठी काही करायचं म्हटलं तर तुम्ही कोणाला बरोबर आणाल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘मी सहा बायकांना घेऊन येते’ म्हणणारी बाई तुम्हाला हवी आहे. तिला भाषण येत नसेल, काही बिघडत नाही. बाहेर पडल्यावर, पुढच्या घरी जाण्याआधी, दोन ओळी वहीत लिहा. रात्रीपर्यंत थांबलात तर सगळी घरं एकसारखी आठवतात. आणि कोणालाही शब्द देऊ नका. ‘आम्ही करून देतो’ हे वाक्य तोंडातून गेलं की ते लोक तुमचे गिऱ्हाईक झाले.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात १९७४ साली मेक्सिकन वंशाच्या कॅथलिक पॅरिशांमधून ‘कॉप्स’ नावाची संघटना उभी राहिली. एर्नेस्तो कोर्तेस हा संघटक तिथे आधी शेकडो माणसांशी असाच एकेकट्याला गाठून बोलत राहिला. पुढाऱ्यांना वाटायचं की लोकांचा राग पोलिसांवर असेल. लोक बोलले ते पावसाच्या पाण्याबद्दल. वस्तीत पाणी भरायचं, घरं बुडायची. संघटनेने महापालिकेचे कागद धुंडाळले तेव्हा निघालं की त्या भागातल्या सांडपाण्याच्या कामाचा आराखडा १९४५ पासून पालिकेच्या दप्तरात पडून होता. जवळजवळ तीस वर्षं. ही एक गोष्ट सभेत सांगितल्यावर पालिकेला तोंड वर काढता येईना, आणि त्याच वर्षी कामाला पैसा निघाला.

आपल्याकडेही पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये केलेलं उपोषण लोकांना आठवतं. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, गावोगावची देवळं खुली करवली, हे मागे पडतं. फिरस्ती झाली नसती तर नुसत्या उपोषणाच्या मागे किती लोक उभे राहिले असते, कोणास ठाऊक.

एकच प्रश्न

साठ-सत्तर घरांच्या वहीतून पंधरा तक्रारी निघतील. सगळ्यांना हात घालण्याचा मोह टाळा. पहिला प्रश्न असा निवडा की जो पुष्कळ घरांना लागू आहे, रुपयात किंवा किलोत मोजता येतो, ज्याचा निर्णय तालुक्याच्या आत कोणीतरी एक माणूस घेऊ शकतो, आणि जो तीन-चार महिन्यांत हलू शकतो. ‘भ्रष्टाचार थांबवा’ हा प्रश्न होत नाही. ‘या दुकानात प्रत्येक कार्डाला पावतीप्रमाणे पूर्ण वजन मिळालं पाहिजे’ हा होतो.

दारूबंदी बहुतेक गावांत पहिल्या फेरीतच वर येते, आणि बायका ती पोटतिडकीने मांडतात. तिची वाट कायद्यात आहे: ठरावीक प्रमाणात सह्यांचं निवेदन, मग गुप्त मतदान, मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान राहावं) आणि आडवी बाटली (बंद व्हावं). पण ती लढाई घराघरांत शिरते. नवी संघटना तिच्यात पहिल्याच झटक्याला दमते, असं माझं मत. दुसरा प्रश्न म्हणून घ्या. सगळ्यांना हे पटणार नाही, आमच्याकडेही पटलं नव्हतं.

मोजणी

इथे वेळ घालवा. बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

आधी हक्क किती तो पाठ करा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य, आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. पाच माणसांचं घर असेल तर २५ किलो. सध्या हे धान्य मोफत आहे, म्हणजे दुकानदाराने ‘हमालीचे’ म्हणून दहा-वीस रुपये मागितले तर तेही चूक. हे सगळं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून देवळाच्या, विहाराच्या, मशिदीच्या भिंतीवर लावा. आमच्याकडे हरिपाठानंतर एक मुलगी ते मोठ्याने वाचायची. तीन आठवड्यांत म्हाताऱ्यांनाही आकडे तोंडपाठ झाले. पाठांतर ही तर आपली जुनी ताकद.

मग वजन. वाटपाच्या दिवशी दुकानापासून शंभर पावलांवर, कोणाच्या तरी अंगणात, एक चांगला काटा ठेवा. भुसाराच्या दुकानातला पडताळणीचा शिक्का असलेला काटा मिळाला तर उत्तम, कारण पुढे पहिला आक्षेप तुमच्या काट्यावरच येतो. दोन बायका काट्यापाशी बसतील. सकाळची पाळी, दुपारची पाळी, वीणेच्या पहाऱ्यासारखी. धान्य घेऊन येणाऱ्याला थांबवून नम्रपणे विचारायचं, वजन करू का? नको म्हणाला तर जाऊ द्या. वहीत रकाने पाच: कार्डाचा प्रकार, माणसं किती, हक्क किती, पावतीवर किती, काट्यावर किती. नाव लिहायचं की नाही ते त्या माणसाला विचारून.

ई-पॉस यंत्रावर अंगठा लावला की छापील पावती निघते. ती मागायचीच. ‘कागद संपलाय’ हे उत्तर मिळालं तर तेही तारखेसह वहीत लिहायचं. लागोपाठ तीन महिने कागद संपलेला असेल तर तो तुमचा पुरावाच झाला.

आता गणित मांडा. समजा २४० कार्डं आहेत आणि सरासरी २ किलो कमी भरतं. महिन्याला ४८० किलो, वर्षाला ५,७६० किलो, म्हणजे साडेसत्तावन्न क्विंटलहून जास्त. हा आकडा सभेत सांगताना क्विंटल म्हणू नका, पोती म्हणा: पन्नास किलोचं पोतं धरलं तर ११५ पोती. पोतं लोकांनी उचललेलं असतं, त्यामुळे ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

तिकडे कागदाचीही मोजणी चालू ठेवा. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं लिहू नका, कागद मागा: या दुकानाचं मागच्या सहा महिन्यांचं नियतन (मंजूर झालेलं धान्य) आणि उचल (गोदामातून नेलेलं धान्य), तपासणीचे अहवाल, दुकानावर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समितीच्या सदस्यांची यादी आणि बैठकांची इतिवृत्तं. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज एकट्या माणसाच्या नावाने देऊ नका, त्याच्यावर दबाव येतो. चार वस्तीतल्या चार जणांनी चार वेगळे अर्ज द्यावेत.

दक्षता समितीचा कागद हाती आला तर मजा असते. आमच्या यादीत अशी दोन नावं होती की ज्यांना आपण समितीवर आहोत हेच माहीत नव्हतं. त्यातल्या एक आमच्या महिला भजनी मंडळात झांजा वाजवायच्या.

आधी आपल्या घरात डोकावा

हे पाऊल कोणी सुचवत नाही, आणि नेमकं याच्यावरच समोरचा बोट ठेवतो. देवळाच्या झाडलोटीला बाई ठेवली आहे ना? तिला महिन्याला काय मिळतं? रात्रीच्या रखवालदाराला? सप्ताहात पंगतीची भांडी कोण घासतं, आणि ती माणसं कितव्या पंगतीला जेवतात? ट्रस्टची दुकानं भाड्याने असतील तर ती कोणाला आणि कोणत्या दराने?

गाडगेबाबा कीर्तनाला उभं राहण्याआधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे. बोलण्याआधी हात चालवायचा, एवढं तरी त्यांच्याकडून घेता येईल. आमच्या मंडळाने झाडणाऱ्या मावशींचा पगार आधी वाढवला, मग दुकानदाराकडे गेलो. वाढवताना दोन विश्वस्त चिडले. पण त्यानंतर कोणालाही ‘आधी तुमचं बघा’ म्हणता आलं नाही.

समिती वेगळी, पेटी वेगळी

देऊळ माणसं जमवायला. काम करायला वेगळी समिती. याला कायद्याचं कारण आहे आणि व्यवहाराचंही.

१९८८ चा धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंध कायदा धार्मिक जागेचा राजकीय कामासाठी वापर करू देत नाही. रेशनच्या वजनाची चर्चा म्हणजे पक्षाचं राजकारण नव्हे, पण निवडणूक जवळ आली की एखादा उमेदवार गोड हसत बैठकीला येऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो फिरतो. म्हणून मोजणी, निवेदन, अधिकाऱ्याची भेट हे सगळं शाळेत नाहीतर पारावर. धर्माच्या नावाने मत मागणं तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचरणच ठरतं. समितीतल्या कोणाला निवडणूक लढवायची असेल तर त्याने आधी समिती सोडायची, असा नियम पहिल्याच दिवशी लिहा. नंतर लिहायला गेलात तर तो कोणाचं तरी नाव घेऊन लिहिल्यासारखा होतो.

पैशाचंही तसंच. मंदिर ट्रस्टचा पैसा ट्रस्टच्या उद्देशांपलीकडे वापरता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० आणि धर्मादाय आयुक्त तुमच्या डोक्यावर आहेत. दानपेटीला हात लावू नका. गावभर पावतीपुस्तक घेऊन वर्गणी फिरवायची असेल तर त्यालाही परवानगीचा नियम आहे. आम्ही तो मार्गच टाळला. सदस्यांनी महिन्याला वीस रुपये घालायचे, खर्च झेरॉक्स, स्टॅम्प आणि एसटीचा. हिशेब दर महिन्याला मोठ्याने वाचायचा. आम्हाला सगळ्यात जास्त विश्वास त्या वीस रुपयांच्या हिशेबाने मिळवून दिला.

वेगळ्या समितीचा आपल्या राज्यातला मोठा दाखला वसईचा. तिथली हिरवाई, विहिरींचं पाणी आणि बागायती जमीन बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या तावडीतून वाचवायला उभी राहिलेली हरित वसई संरक्षण समिती. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. चर्चचं जाळं होतं म्हणून माणसं झपाट्याने जमली, हे खरंच. पण झेंडा समितीचा राहिला, वसईच्या पाण्याचा आणि झाडांचा, म्हणून ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नव्हती तेही त्यात येऊ शकले.

दुकानदाराने पंगत दिलेली असते

आता अवघड भाग. ज्याच्याविरुद्ध मोजणी चालू आहे तो कोणी परका नसतो. आमच्या वहीत सप्ताहाच्या पाचव्या दिवशीची पंगत गेली कित्येक वर्षं त्याच माणसाच्या नावावर होती. बुंदी आणि मठ्ठा. गाव त्याच्या हातचं जेवलेलं.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, अन्नदात्यावर कसं उलटायचं? दुसरा म्हणे, आपलंच धान्य आपल्यालाच वाढतोय. दोघांतही थोडं खरं होतं. आम्ही केलं ते असं. तीन महिन्यांची मोजणी हातात आल्यावर दोन वडीलधारी माणसं आणि काट्यावर बसणारी एक बाई, असे तिघंच त्याच्या घरी गेले. दिवेलागणीला, गाजावाजा न करता. वही उघडून दाखवली. आरोप केला नाही, विचारलं: हे असं का होतंय?

तो आधी तडकला, मग बोलायला लागला. गोदामातूनच पोतं कमी भरून येतं, गाडीवाल्याला द्यावं लागतं, कमिशन वेळेवर येत नाही. त्यातलं काही खोटं असेल, पण काही खरंही होतं, आणि त्याने आमचा नकाशा बदलला. आमचा समज होता की गाठ एका माणसाशी आहे. ती निघाली एका साखळीशी. म्हणून प्रत्येक प्रश्नाचा असा नकाशा काढा: कागदावर मध्ये प्रश्न, भोवती माणसं. निर्णय कोण घेतो? तो कोणाचं ऐकतो? कोणाला याच्यातून मिळतं? त्यातलं कोण आपल्या पंगतीला बसतं, कोणाची आई आपल्या हरिपाठाला येते? पुरवठा निरीक्षक, तहसीलदार, जिल्हा पुरवठा अधिकारी, गोदामपाल, वाहतूक ठेकेदार, सरपंच. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याचीही तरतूद आहे, ते नाव नकाशावर हवंच.

शेवटी दुकानदाराला सांगून आलो की गोदामात पोतं वजन करून घेण्याची मागणी आम्ही तुमच्यासाठीही करू. दुकानातलं वजन मात्र पुढच्या महिन्यापासून पूर्ण पाहिजे.

सभा : हो की नाही, आणि तारीख

दोन सभा लागतात. पहिली ग्रामसभा. विषय आयत्या वेळी मांडला तर ‘नंतर बघू’ होतं, म्हणून नोटीस निघण्याआधीच लेखी अर्ज देऊन तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावा आणि अर्जाची पोच घ्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. एरवी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढच्या वेळी पाच-सहा जणांत ठराव होऊन जातात. भजनी मंडळ, विहार आणि जमात मिळून शंभर माणसं उभी करू शकतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथेही हाच विषय मंजूर करून घ्या.

दुसरी सभा अधिकाऱ्याबरोबर, तुमच्या गावात, तुमच्या वेळेला. हिची तालीम करा, चक्क नाटकासारखी. कोणीतरी तहसीलदार बनून बसा आणि टाळाटाळीची सगळी उत्तरं द्या: वरून आदेश नाही, चौकशी करतो, लेखी द्या. प्रत्येक उत्तराला पुढे काय म्हणायचं ते ठरवा. आमच्याकडे तहसीलदार बनलेला कंडक्टर इतका रंगला की त्याने बायकांना खरंच रडवलं. त्या मग खऱ्या साहेबांसमोर अजिबात बिचकल्या नाहीत.

सभा एक तासाची. वेळेवर सुरू, वेळेवर बंद. हार-तुरे नाहीत, नारळ दिला तरी पुष्कळ. बोलणारे चारच: ज्यांचं धान्य कमी भरलं असे तीन, आणि आकडे सांगणारी एक. प्रत्येकाला तीन मिनिटं. मग साहेबांना तीन मागण्या, प्रत्येक अशी की तिचं उत्तर हो, नाही किंवा तारीख असंच येईल:

– गोदामातून येणारी पोती दुकानात लोकांसमोर वजन करून उतरवली जातील का?
– दक्षता समितीची बैठक या महिन्यात, गावात, होईल का?
– दुकानाबाहेर साठा आणि हक्काचा फलक कोणत्या तारखेपर्यंत लागेल?

उत्तर फळ्यावर सगळ्यांसमोर लिहायचं. ‘प्रयत्न करतो’ म्हणाले तर लिहिणाऱ्याने खडू हातात धरून शांतपणे विचारायचं, साहेब, हो लिहू की नाही? त्या वेळी सभागृहात जी शांतता पसरते ती भरून काढायला जाऊ नका. आपल्या लोकांना शांतता सहन होत नाही, कोणीतरी मध्येच घोषणा देतो आणि साहेब सुटतात.

हललं नाही तर

दबाव हवा, पण तो कायद्यात बसणारा आणि थोडा गमतीचा असावा. सॅन अँटोनियोच्या लोकांनी १९७५ मध्ये काय केलं पाहा. शेकडो जण एका मोठ्या दुकानात गेले, कपडे घालून पाहिले आणि काहीच विकत न घेता परत ठेवले. बँकेत रांगा लावून डॉलरचे सुटे पैसे मागितले, मग सुटे देऊन परत डॉलर मागितले. यात बेकायदा काहीच नव्हतं, पण व्यवहार ठप्प झाला.

आपल्याकडे एकाच दिवशी सगळ्या कार्डधारकांनी पावती मिळेपर्यंत रांग न सोडणं, एकाच सकाळी चाळीस जणांनी १९६७ या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून प्रत्येकाने तक्रार क्रमांक फळ्यावर लिहिणं, तहसीलच्या आवारात दुपारभर हरिपाठ म्हणत बसणं. शेवटचं करण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, कारण जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश पुष्कळदा चालूच असतो.

एक गोष्ट कधीही करू नका: बहिष्कार. तापलेल्या बैठकीत कोणीतरी उठणारच की याच्या घरी कोणी जायचं नाही, याच्या लग्नाला जायचं नाही. धर्माच्या नावाने जमलेल्या माणसांच्या हातात हे हत्यार आयतंच असतं, आणि त्याने महाराष्ट्रात किती घरं उद्ध्वस्त झाली हे आपल्याला ठाऊक आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये त्यासाठीच झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. दुकानदाराची पंगत आम्ही त्या वर्षीही नाकारली नाही. बुंदी तीच होती. वाढायला मात्र काट्यावरच्या बायका उभ्या होत्या, आणि तो त्यांच्याशी बोलायचं टाळत होता.

वजन भरायला लागल्यावर

पूर्ण वजन मिळालं की माणसं पांगतात. साहजिकच आहे. म्हणून काटा दर महिन्याला ठेवू नका, दर तीन महिन्यांनी ठेवा, पण तारीख आधी कोणालाच सांगू नका. काट्यावरची आणि वहीवरची माणसं दर वर्षी बदला. जुन्याने नव्याबरोबर दोन पाळ्या बसायचं, जसा नवा टाळकरी जुन्याच्या शेजारी उभा राहून ताल शिकतो.

आणि ऊसतोडीची घरं. ती आमच्याकडून पहिल्या वर्षी सुटली. वजन पूर्ण झालं तेव्हा ती गावातच नव्हती, कर्नाटकच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहत होती, आणि त्यांचं धान्य गावाच्या दुकानात नुसतं नावावर पडून होतं. आता रेशनकार्ड बाहेरच्या दुकानातही चालतं, राज्यात आणि परराज्यातही. पण कार्डाला आधार जोडलेला नसेल, ई-केवायसी (अंगठ्याने ओळख पटवणं) राहिलेलं असेल, तर यंत्र अंगठा घेत नाही आणि माणूस फडावरून एक दिवसाची मजुरी बुडवून रिकाम्या हाताने परत जातो.

म्हणून आता नवरात्रात, घटाला माळ चढते त्या नऊ दिवसांत, आमची माणसं प्रत्येक कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या, घरी जातात. मुकादम कोण, कारखाना कोणता, घरातल्या किती जणांचं ई-केवायसी झालंय, मागे कोण राहणार, म्हातारी की पोरं, आणि त्यांचं धान्य कोण आणून देणार, हे लिहून घेतात. दसऱ्याला टोळ्या निघतात, त्याच्या आत उरलेले अंगठे तालुक्याला नेऊन करून आणायचे. जागा कमी पडली म्हणून ही यादी गेल्या साली लाल वहीच्याच मागच्या पानांवर लिहिली, पहाऱ्याच्या यादीला लागून.